मॉरिशसला या, पण हॉटेलच्या गेटबाहेर पडा

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या पर्यटन पुरवणीतला मॉरिशसवरचा लेख मी मॉरिशसमध्येच, शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाईलवर वाचला. निळा समुद्र होता, सात रंगांची माती होती, हनिमून पॅकेज होतं, कुठल्या मॉलमध्ये काय मिळतं ते पण होतं, आणि इथल्या मराठी माणसांबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. मला वाईट वाटलं. रागाने लिहीत नाहीये, पण मनात राहिलं म्हणून लिहिते आहे, आणि तुमच्या वाचकांनी आमच्या देशात यावं असं मला अगदी मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तरच लिहिते, कापायचं असेल तर कापा पण गणपतीचा भाग तेवढा ठेवा.

मी इथलीच, वाक्वा गावची. पाचवी पिढी. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात कामाला आले आणि इथलेच झाले. मी सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते, हो, इथे सरकारी शाळेत मराठी विषय घेता येतो, अगदी पहिलीपासून, आणि पुढे मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीत डिग्रीपण करता येते. मी स्वतः स्कॉलरशिपवर तीन वर्षं पुण्यात होते. तिथे पहिल्या दिवसापासून सगळे विचारायचे आडनाव काय, मूळ गाव कुठलं, आणि माझं आडनाव ऐकून गप्प व्हायचे, कारण ते आडनाव नाहीच, ते माझ्या खापरपणजोबांचं नाव आहे. बोटीतून उतरल्यावर साहेबाने नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, त्याने त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. इथे कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे.

मागच्या वर्षी पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर, म्हणजे भारतातून आणलेले मजूर जिथे बोटीतून उतरायचे तिथे, मी माझ्या वर्गातली मुलं घेऊन गेले होते. मुलांना रांगेत उभं करत होते, 'चला, हात धरा एकमेकांचा' असं काहीतरी बोलले असेन, तर मागून एक काकू धावत आल्या, 'अगं तू मराठी?' म्हणाल्या आणि माझा हातच धरला. नाशिकचं कुटुंब होतं. सहा दिवस पूर्वेकडच्या एका मोठ्या हॉटेलात राहिले होते, सातव्या दिवशी संध्याकाळी त्यांचं विमान, म्हणून वेळ काढायला शहरात आले होते. सहा दिवसांत त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं की या बेटावर मराठी माणसं आहेत. काकू मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, मुलांनी त्यांना 'सदा सर्वदा योग तुझा घडावा' म्हणून दाखवलं, काका बाजूला जाऊन डोळे पुसत होते. आणि मग त्यांची टॅक्सी आली आणि ते गेले. घरी या, जेवून जा म्हणायलाही वेळ नव्हता, ते मला अजून टोचतं.

तर पहिलं हे, की आप्रवासी घाट शेवटच्या दिवशी वेळ काढायला ठेवू नका. पोर्ट लुईच्या बंदराला लागूनच आहे, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, दिसायला मोठं काही नाही, काळ्या दगडाच्या भिंती, शेड, आणि आमची माणसं ज्या चढून आली त्या दगडी पायऱ्या. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी बंद झाली आणि त्याच्या थोडं आधीपासूनच मळेवाल्यांनी मजूर आणायला सुरुवात केली होती, २ नोव्हेंबर १८३४ ला अ‍ॅटलास नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून पहिले ३६ लोक उतरले. त्यानंतर सगळं मिळून जवळजवळ पाच लाख माणसं आली, जास्त करून बिहारकडची, मग मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून आलेली सगळ्यात कमी, ती आम्ही. पाच वर्षांचा करार, गड्याला महिना पाच रुपये, आणि एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचे, त्याला इथे 'डबल कट' म्हणायचे, माझी आजी हा शब्द सांगताना अजूनही आवाज खाली करायची जणू कोणी ऐकेल.

या सगळ्या माणसांच्या नोंदी मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, आणि प्रत्येकाचा नंबर, नंतरच्या काळातल्यांचे तर फोटोपण आहेत. माझ्या खापरपणजोबांची नोंद मी तिथे शोधली, जिल्ह्याच्या ठिकाणी रत्नागिरी म्हणून कळतं कसंबसं, पण गावाचं स्पेलिंग असं काही केलंय की वाचून काही बोधच होत नाही. पुण्यात असताना दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीने रत्नागिरीला गेले, तो कागद घेऊन चार दिवस फिरले, लोकांनी खूप मदत केली, कोणी म्हणे हे गुहागरकडचं असेल, कोणी म्हणे छे राजापूरकडचं, शेवटी गाव नाही सापडलं. पण मी एका घरी जेवले आणि त्या आजींनी माशाला जी आमसुलं घातली होती त्या वासाने मला माझी आजी आठवली. इथे आमसूल मिळत नाही, आजी चिंच घालायची, तरी वास तोच कसा वाटला मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी सांगत असतील की पणजोबांचा भाऊ मिरच देशाला गेला तो परत आला नाही, तर त्याची नोंद इथे असू शकते बरं का. मॉरिशसला तेव्हा तिकडे मिरच म्हणायचे. आधी इन्स्टिट्यूटला लिहून विचारा आणि मगच या, अचानक जाऊन लगेच कागद हातात मिळत नाहीत.

आता एक गोष्ट जी मला स्वतःलाच फार आवडते. इथे उसाच्या शेतात फिरलात तर मध्ये मध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, काही घराएवढे. टूरवाले गाडी थांबवत नाहीत पण तुम्ही थांबवा. जमीन उसासाठी साफ करताना आमच्या लोकांनी आणि त्यांच्या आधी गुलामांनी हाताने वेचलेले ते दगड आहेत. आणि तो दगड तुमच्या ओळखीचा वाटेल, कारण तो सह्याद्रीचाच भाऊबंद आहे, खरंच सांगते. भूगर्भाचे अभ्यासक सांगतात की दख्खनचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त जागेतून वर आला, तीच जागा पुढे हिंदुस्थान उत्तरेकडे सरकत गेल्यावर समुद्रात राहिली आणि तिच्यातूनच खूप नंतर, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं, आणि आता आमच्या शेजारच्या रीयुनियन बेटावर तीच धुमसते आहे. मी सहावीच्या मुलांना हे सांगते तेव्हा मुलं एकदम शांत होतात. आमचे पूर्वज ज्या काळ्या दगडावरून निघाले त्याच काळ्या दगडावर येऊन उतरले, आणि मग तोच वेचत बसले.

कधी यायचं म्हणाल तर गणपतीत या. लोक डिसेंबरला येतात, तेव्हा इथे उन्हाळा असतो, लिची असते, गुलमोहर लाल झालेले असतात, ते पण छानच आहे, पण गर्दी आणि भाव दोन्ही जास्त. आमचे ऋतू उलटे, मे ते ऑक्टोबर थंडी, म्हणजे पुण्याच्या थंडीपेक्षा कमीच, स्वेटर पुरतो. जानेवारी ते मार्च वादळं येतात, शक्यतो तेव्हा नकोच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवा कोरडी, आकाश स्वच्छ, आणि तुमच्याकडे पावसात चिखल तुडवत गणपती आणतात तेव्हा इथे कोवळं ऊन असतं.

गणेशचतुर्थीची इथे सरकारी सुट्टी असते, सगळ्या देशाला, फक्त मराठ्यांना नाही. इथे मराठी म्हणजे सगळेच 'मराठा', जात विचारत नाही कोणी. सांगतात की मॉरिशसमधला पहिला गणपती १८९६ साली हेन्रिएटा गावात बसला, आमच्या वाक्व्यापासून जवळच आहे ते. गणपतीच्या आधी घरात मांस-मच्छी बंद होते, त्याला आम्ही क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंचवरून झालेल्या बोलीत, 'कारेम' म्हणतो, ख्रिश्चन लोकांच्या उपासाचा तो शब्द पण इथे सगळ्यांचाच झालाय. मूर्ती आणतात, मोदक करतात, आरती तीच, सुखकर्ता दुःखहर्ता, पण चाल जरा वेगळी लागेल तुम्हाला, लांबत गेलेली. क्रिओल बोलणारी मुलं, ज्यांना घरी मराठी येत नाही (खरं सांगायचं तर आता फार थोड्या घरांत मराठी बोलतात), ती आरती मात्र तोंडपाठ म्हणतात. विसर्जनाला नदीवर नाहीतर समुद्रावर जातो, कास्काव्हेल गावाकडची माणसं, आमची माणसं, सगळी पांढऱ्या-केशरी कपड्यात, टाळ-मृदंग, आणि मग झाकरी.

झाकरीसाठी तरी या हो. कोकणातल्या लोकांना लगेच कळेल, तुमची जाखडी ती आमची झाकरी. गोल धरून पाय टाकत नाचतात, मधे एक जण गाणं सांगतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षं कुठलाही संबंध नसताना, पत्र नाही, फोन नाही, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी पायांनी ते लक्षात ठेवलं. माझे काका गायचे, त्यातले अर्धे शब्द आम्हाला कळायचे नाहीत आणि त्यांनापण कळायचे नाहीत, पुण्यात शिकल्यावर मला एकेक शब्द उलगडायला लागले. गोंधळपण घालतात लग्नानंतर, काही घरी अजून. गुहागर-चिपळूणच्या एखाद्या जाखडी मंडळाने इथे येऊन आमच्या लोकांसोबत एकदा नाचावं असं मला किती दिवस वाटतंय, या पत्रामुळे कोणी वाचलं तर बघा.

खाण्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर पत्र संपणार नाही. हॉटेलातल्या बुफेमध्ये पोट भरून येऊ नका. रस्त्यावर काचेच्या पेटीत ढोलपुरी विकतात, जोडीनेच मिळते, पिवळी डाळ शिजवून वाटून मैद्यात भरलेली पातळ पोळी, वर पांढऱ्या मोठ्या वालांची भाजी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे रस्सा, कोथिंबिरीची चटणी, लोणचं, कागदात गुंडाळून हातात देतात. ती मुळात बिहारी लोकांची दालपुरी, पण मराठी माणसाला पहिल्या घासाला पुरणपोळीच आठवते, गूळ न घातलेली. गातो पिमां म्हणजे डाळीचे छोटे तिखट वडे, ते गरम गरम पावात लोणी लावून सकाळी खायचे, हे फ्रेंच, तमिळ, सगळं एका घासात. पोर्ट लुईच्या मार्केटात आलुदा प्या, दूध, सब्जा, वर आइस्क्रीम. शाकाहारी माणसाला इथे काहीच अडचण नाही, हे मी मुद्दाम सांगते कारण तिकडून लोक बॅग भरून ठेपले आणि खाकरे घेऊन येतात. माहेबूरला सोमवारचा बाजार असतो, एअरपोर्टपासून जवळ, तो चुकवू नका.

फिरायला बसने फिरा. सगळीकडे जातात, स्वस्त आहेत, खिडकीतून ऊस, डोंगर, देऊळ, चर्च, मशीद, पॅगोडा एकामागून एक दिसत जातात, शेजारचा माणूस नक्की बोलेल, तुम्ही 'की मान्येर' म्हणा, म्हणजे कसे आहात, आणि उतरताना 'सलाम' म्हणा, इथे निरोप घेताना सगळे सलामच म्हणतात, हिंदू असो, ख्रिश्चन असो. संध्याकाळी सहा-सातनंतर मात्र गावाकडच्या बस कमी होतात, तेवढं लक्षात ठेवा. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रोपण आहे आता, भारताच्या मदतीने झाली, बांधली लार्सन अँड टुब्रोने. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं, भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा इथे उतरल्यावर मिळतो, पैसे पडत नाहीत.

समुद्र सुंदर आहे, ते तुमच्या लेखात आलंच आहे. मी एवढंच सांगते की बीच इथे सगळ्यांचे आहेत, हॉटेलसमोरची वाळूसुद्धा, त्यामुळे रविवारी फ्लिक आँ फ्लाकला जा, आमची कुटुंबं मोठमोठी पातेली घेऊन येतात, बिर्याणी, गाणी, संध्याकाळी कोणीतरी रावान शेकोटीवर तापवतो, बकऱ्याच्या कातड्याचा डफच तो, आणि सेगा सुरू होतो. सेगा गुलामांचा नाच आहे, तो पायाने वाळू घासत नाचतात. हॉटेलात चकचकीत झगे घालून दाखवतात त्यापेक्षा हा बघा. दक्षिणेला ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत नाही, लाटा सरळ कड्यावर आपटतात, तिथे पाण्यात उतरायचं नाही, नुसतं उभं राहायचं, मला कोकणातला पावसाळी समुद्र आठवतो. पहाटे डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी असतात, वीस-वीस बोटी त्या बिचाऱ्यांच्या मागे लागतात आणि लोक पाण्यात उड्या टाकतात, माझी विनंती आहे की ते पॅकेजमधून काढून टाका. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका.

हे मी का सांगते, तर २०२० मध्ये जुलैच्या शेवटी वाकाशिओ नावाचं जहाज पॉइंट देस्नीजवळ खडकावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून साधारण हजार टन तेल आमच्या पाण्यात सांडलं. कोणी कोणाची वाट बघितली नाही. लोकांनी कपड्याच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं, बायकांनी स्वतःचे केस कापून दिले, तेल शोषायला, मुलं, म्हातारी, मुस्लिम, तमिळ, चिनी, सगळे माहेबूरच्या किनाऱ्यावर गुडघाभर काळ्या तेलात उभे होते. मीपण आठ दिवस पाचट भरत होते. माझ्या बोटांचा तो वास कितीतरी दिवस गेला नाही. तिथूनच जवळ इल ओ एग्रेत नावाचं छोटं बेट आहे, तिथे आमची मूळची झाडं पुन्हा लावली आहेत, गुलाबी कबुतरं आहेत, तिथे तिकीट काढून जा, ते पैसे त्याच कामाला जातात. आम्ही डोडो घालवला, सतराव्या शतकातच, आमचे लोक येण्याच्या आधी, पण आमच्या देशाच्या नावावर ते आहे. १९७४ मध्ये इथला छोटा ससाणा जंगलात फक्त चार उरला होता, तो वाचवला. ब्लॅक रिव्हरच्या जंगलात नशिबाने दिसतो, मला दोनदा दिसला.

सात रंगांची माती बघा, एक तास पुरतो. गंगा तलावला, म्हणजे आम्हा हिंदूंच्या पवित्र तळ्याला जा, सकाळी लवकर, धुक्यात. आणि ले मॉर्नच्या डोंगराखाली थोडा वेळ बसा. पळून गेलेले गुलाम तिथे वर लपायचे, आणि लोक सांगतात की गुलामगिरी संपली हे सांगायला शिपाई वर आले तेव्हा पकडायला आले समजून कितीतरी जणांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ ला तोही डोंगर युनेस्कोच्या यादीत गेला. तुमचे लोक तिथे खालच्या बीचवर फोटो काढतात, मागे तो डोंगर येतो फोटोत, आणि त्यांना माहीत नसतं तो काय आहे. आमच्याकडे आप्रवासी घाट आणि ले मॉर्न दोन्ही बघितल्याशिवाय देश बघितला असं मी तरी मानत नाही, कारण क्रिओल माणसाचं, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांचं, दुःख आधी आहे, आमचं नंतर.

शेवटी एक मागणं आहे. इथे मराठी पुस्तकं मिळत नाहीत. माझ्या वर्गात कपाटात जी आहेत ती फाटली आहेत, त्यातली काही मी पुण्याहून आणलेली. तुमच्यापैकी जो कोणी इकडे येईल त्याने बॅगेत लहान मुलांचं एक तरी गोष्टीचं पुस्तक टाकावं, मोठ्या अक्षरातलं, चित्रं असलेलं, जोडाक्षरं कमी असलेलं, आणि ज्या गावात जाल तिथल्या सरकारी शाळेच्या ऑफिसात 'मराठी टीचरसाठी' म्हणून द्यावं. मॉरिशसच्या शाळा साडेतीनपर्यंत उघड्या असतात.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका,
वाक्वा, मॉरिशस